नंबर, नांव आणि गांव

(नभोवाणीवरील भाषण)



आमच्या घरीं भाद्रपदांतल्या सर्वपित्री अमावास्येस एक पान अधिक वाढलें जात असे. तें माझ्या आजोबांच्या धाकट्या भावाचें. ज्याच्या मृत्यूची तिथि ठाऊक नाहीं, त्याचें श्राद्ध त्या दिवशीं करावें असा आपल्याकडे रिवाज आहे. हे माझे चुलत आजोबा इंदापूर तालुक्यांतल्या आमच्या खेड्यांतून पलटणींत भरती झाले, पहिल्या महायुद्धांत 'बसऱ्यास' गेले आणि परत आले नाहींत. एवढीच त्यांची हकीकत घरांत ठाऊक होती.

त्यांच्या पत्नीला, म्हणजे आमच्या धाकट्या आजींना, मीं लहानपणीं पाहिलें आहे. बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन वर्षांनीं त्या वारल्या. त्यांना विधवेचें पेन्शन मिळे. पेन्शनच्या कागदावर त्या विधवा म्हणून आंगठा उठवीत, आणि घरीं येऊन कपाळास कुंकू लावीत. गांवांतल्या बायका कुजबुजत. हळदीकुंकवाला बोलवावें कीं न बोलवावें, असा त्यांस पेंच पडे. कोणीं उघड विचारलें तर आजी म्हणत, "कागुद म्हनतोय त्ये गेलं. कुठं गेलं, कवा गेलं, ह्ये सांगतोय का त्यो?"

आजींच्या ह्या प्रश्नाला घरांत कोणापाशींच उत्तर नव्हतें. तें मला मिळालें त्या गेल्यानंतर चाळीस वर्षांहून अधिक काळानें, नोकरींतून मोकळा झाल्यावर. मी कांहीं इतिहाससंशोधक नव्हे. जुन्या अकरावीची मॅट्रिक झालेला, बारामती आणि इंदापूर ह्या दोन तालुक्यांतल्या शाळांत मुलांना अक्षरें गिरवायला लावण्यांत आयुष्य घालविलेला मास्तर आहें. पण शोध करतां करतां ज्या चुका झाल्या आणि ज्या खुणा सांपडल्या, त्या सांगितल्यास आपल्यांपैकीं कांहींजणांस उपयोगी पडतील, असें वाटल्यावरून आज आपल्यापुढें बोलत आहें. कारण पहिल्या महायुद्धांत तेरा लाखांवर हिंदी लोकांनीं लष्करांत चाकरी केली आणि त्यांतले सुमारे ७४ हजार मरण पावले. शहरांतल्या अनेक सुशिक्षित घरांचीं मुळें खेड्यांत आहेत; अशा एखाद्या माणसाची अर्धवट गोष्ट त्या घरांपैकीं कित्येकांत असेल.

पहिली चूक मीं केली ती ही, कीं मी नांव घेऊन शोधायला निघालों. एका दप्तरांत मला सौजन्यानें सांगण्यांत आलें, "मास्तर, ह्या नांवाचे आणि ह्या आडनांवाचे शिपाई एकेका पलटणींत दहा-दहा निघतील. नंबर आणा." लष्कराच्या लेखीं शिपायाची खरी ओळख त्याचा नंबर ही होय. त्या काळीं प्रत्येक पलटणीचे नंबर स्वतंत्र चालत. त्यामुळें एकच नंबर दोन पलटणींतल्या दोन माणसांचा असूं शकतो. म्हणून नंबर आणि पलटण हीं दोन्हीं हातीं आल्याशिवाय पुढची वाट उघडत नाहीं.

आमच्या घरीं तो नंबर देव्हाऱ्यांत होता, आणि तो कोणास ठाऊक नव्हता. लढाई संपल्यावर टपालानें तीन पदकें आलीं होतीं, असें आजोबा सांगत. त्यांतला पितळी तारा कोठें गेला कळत नाहीं. चांदीचें पदक एका दुष्काळांत सावकाराकडे गेलें तें गेलेंच. तिसरें कांशाचें. त्याला मोडींत कोणी कांहीं देईना, म्हणून तें राहिलें. त्याच्यावर पंख असलेली एक स्त्री आहे. ती पाश्चात्यांची विजयदेवता. पण आजींनीं ती देवी समजून देवांत ठेविली आणि पन्नासांहून अधिक वर्षें तिला हळदकुंकू वाहिलें. त्या पदकाच्या कडेवर हळदकुंकवाचा थर बसला होता. मीं तें कोमट पाण्यांत भिजवून मऊ फडक्यानें पुसलें, तेव्हां कडेवर इंग्रजी अक्षरें उमटलीं: नंबर, शिपाई हा हुद्दा, आजोबांचें नांव, आणि पुढें '११७ मराठा'. लहानपणापासून ज्याला नमस्कार केला, त्याच्या कडेवर काय लिहिलें आहे हें मीं वयाच्या साठीला वाचलें.

येथें एक सूचना करून ठेवतों. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर, आणि ताऱ्याच्या पाठीमागें, नंबर, नांव व पलटण कोरलेली असते. दुसऱ्या महायुद्धांतल्या हिंदी सैनिकांच्या पदकांवरहि नांव असतें. घरीं असें पदक असेल तर तें चिंचेनें किंवा राखेनें घांसूं नका, अक्षरें झिजतात. पातळ कागद कडेवर धरून वरून पेन्सिल फिरवा, म्हणजे अक्षरें कागदावर उतरतील.

आतां पलटणीचा ठाव. '११७ मराठा' नांवाची पलटण आज शोधाल तर सांपडणार नाहीं. पहिल्या महायुद्धाच्या वेळीं १०३, १०५, ११०, ११४, ११६ व ११७ ह्या अंकांच्या सहा मराठा पलटणी होत्या. १९२२ सालीं लष्कराची पुनर्रचना झाली, तेव्हां ह्या सहा मिळून पांचवी मराठा लाइट इन्फन्ट्री ही एकच रेजिमेंट करण्यांत आली. १०३ ती पहिली बटालियन, १०५ ती दुसरी, ११० ती तिसरी, ११६ ती चौथी आणि ११७ ती पांचवी. ११४ ही शिक्षण देणारी दहावी बटालियन झाली. ह्या रेजिमेंटचें मुख्य ठाणें बेळगांव. आजहि तिचें अभिलेख कार्यालय तेथेंच आहे. म्हणून जुन्या नांवानें अडलेला मनुष्य नव्या नांवानें चौकशी करील तर त्याला वाट मिळते.

नांवांनीं फसगतहि होते. 'पूना हॉर्स' हें नांव वाचून आपल्याकडचे लोक हर्षित होतात. पण त्या घोडदळांत मुख्यतः राजपुतान्याकडचे स्वार असत. उलट आपल्या तालुक्यांतला मनुष्य खडकीच्या बाँबे सॅपर्समध्यें, एखाद्या खेचरांच्या तांड्याबरोबर किंवा मजुरांच्या तुकडींत असूं शकतो. गांवावरून पलटण ठरवूं नये. पलटण कागदावरून ठरवावी.

११७ मराठा पलटण पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनबरोबर १९१४ च्या नोव्हेंबरांत आजच्या इराकमध्यें उतरली. त्याच महिन्यांत बसरा सर झालें. पुढें वर्षभर ती फौज तैग्रिस नदीच्या कांठानें वर चढत गेली. बगदादच्या अलीकडे सुमारे ३५ किलोमीटरांवर टेसिफोन येथें तुर्कांशीं तिची मोठी लढाई झाली. तीं गोरी व हिंदी मिळून साडेचार हजारांवर माणसें पडलीं किंवा जखमी झालीं. फौज मागें हटून कुट-अल-अमारा गांवीं आली, तेथें डिसेंबर १९१५ मध्यें वेढली गेली, आणि उपासमारीनें खंगून २९ एप्रिल १९१६ रोजीं शरण गेली. १०३, ११० आणि ११७ ह्या तिन्ही मराठा पलटणी त्या वेढ्यांत होत्या. शरण गेलेल्यांपैकीं हजारों लोक पुढें तुर्कांच्या कैदेंत मेले.

मग ह्यांतल्या कोणत्या दिवशीं आमचे आजोबा गेले? मला वाटलें, पलटणीची युद्धदैनंदिनी मिळाली म्हणजे झालें. प्रत्येक पलटण लढाईच्या काळांत रोजची हकीकत लिहून ठेवीत असे, आणि त्या दैनंदिन्या लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय दप्तरखान्यांत जपलेल्या आहेत. त्या वाचल्या म्हणजे पलटण कोणत्या दिवशीं कोठें होती हें कळतें. परंतु त्यांत अधिकारी नांवानें येतात आणि शिपाई संख्येनें येतात. अमुक साहेब जखमी. आणि इतर, मृत इतके, जखमी इतके, बेपत्ता इतके. त्या आंकड्यांत आमचे आजोबा आहेत. पण बोट ठेवून दाखवितां यायचे नाहींत. ह्याचा अर्थ दप्तर निष्काळजी होतें असा नव्हे. दैनंदिनी लिहिणाराला उद्यां किती बंदुका उभ्या राहतील एवढेंच पाहायचें असे. शिपायाचें नांव सरकार लिही तें दोन जागीं: जेथें त्याला पैसा द्यायचा असे तेथें, आणि जेथें त्याचा हिशेब बंद करायचा असे तेथें. म्हणून साध्या शिपायाचा शोध लढाईच्या वर्णनांत न करितां पगाराच्या, पेन्शनच्या, पदकांच्या आणि मृतांच्या याद्यांत करावा लागतो. हें समजायला मला दोन वर्षें लागलीं. आणि गोऱ्या सोजिरांची स्थिति फार निराळी आहे असें समजूं नका. पहिल्या महायुद्धांतल्या त्यांच्या वैयक्तिक कागदपत्रांपैकीं निम्म्याहून अधिक कागद १९४० सालीं लंडनवरच्या बाँबहल्ल्यांत जळून गेले.

मृतांच्या याद्यांचें काम १९१७ सालीं स्थापन झालेल्या, आणि आज कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन ह्या नांवानें चालणाऱ्या संस्थेकडे आहे. पुण्याच्या लोकांना हिचें काम परिचित आहे. खडकीचें युद्धस्मशान हीच संस्था राखते. तेथें दुसऱ्या महायुद्धांतल्या सोळाशेंवर मृतांच्या समाध्या ओळीनें आहेत. पण हिंदु शिपायाचें दहन होतें. त्याला थडगें नसतें. त्याचें नांव कोठेंतरी लिहिलेलें असणें हीच त्याची समाधि. फ्रान्समध्यें न्यूव्ह शापेल येथें १९२७ सालीं उघडलेल्या स्मारकावर ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांचीं नांवें कोरलीं आहेत. बसऱ्याचें स्मारक १९२९ सालचें. मेसापोटेमियांत पडलेल्या आणि ज्यांचें थडगें ठाऊक नाहीं अशा चाळीस हजारांवर सैनिकांचें तें स्मारक. त्याच्यावर हिंदी अधिकाऱ्यांचीं नांवें आहेत; पण हिंदी शिपायांचीं नाहींत. पलटणीचें नांव आणि खालीं संख्या, एवढेंच. दैनंदिनीप्रमाणें दगडावरहि आंकडाच! २०२१ सालीं ह्याच संस्थेनें आपल्या जुन्या व्यवहाराची चौकशी करून अहवाल प्रसिद्ध केला. हिंदी व आफ्रिकी सैनिकांचें स्मरण गोऱ्यांच्या बरोबरीनें झालें नाहीं हें कबूल केलें आणि क्षमा मागितली.

तरी एक बरें झालें. दगडावर नांवें नसलीं तरी वहींत तीं होतीं. ती वही आतां संगणकावर सर्वांस खुली आहे, आणि तींत नंबर, नांव, पलटण, मृत्यूचा दिवस आणि पुष्कळदां बापाचें नांव व गांव दिलेलें असतें. मीं नंबर आणि पलटण घालून पाहिलें. नोंद निघाली. दिवस होता २२ नोव्हेंबर १९१५, टेसिफोनच्या लढाईचा पहिला दिवस. बापाचें नांव आमच्या पणजोबांचें.

नंबर हातीं नसता तर ही नोंद मला कधींच ओळखतां आली नसती. आडनांव दिलेलेंच नव्हतें. नांव मराठींत सांगितलेलें, दुसऱ्यानें ऐकलेलें, तिसऱ्यानें इंग्रजींत लिहिलेलें. जाधवाचा जादो होतो, शिंद्याचा सिंधिया होतो. गांवाचें नांव तर असें लिहिलें होतें, कीं मोठ्यानें तीन वेळां वाचल्यावर तें आमचें गांव आहे हें ध्यानांत आलें. म्हणून अशा याद्या डोळ्यांनीं न वाचतां कानांनीं वाचाव्या.

तालुक्याचाहि घोटाळा असतो. आज ज्याला आपण बारामती तालुका म्हणतों तो इंग्रजी अमदानींत भीमथडी तालुका होता आणि बारामती हें त्याचें ठाणें होतें. भीमथडीचीं तट्टें आपण ऐकून असतों. पण पणजोबांचा कागद शोधतांना भीमथडी हा शब्द पाहायचा असतो हें कोणास सुचत नाहीं. इंदापूर तालुक्यांत निराळीच अडचण आहे. उजनीचें धरण झालें आणि भीमेकांठचीं कित्येक गांवें पाण्याखालीं गेलीं, लोक नव्या गांवठाणांत उठून गेले. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें म्हणजे पळसदेवचें जुनें देऊळ वर येतें, तें पाहायला आतां माणसें जातात. लष्करी यादींतलें 'गांव' पुष्कळदां असें पाण्याखालचें असतें. तें कोठें गेलें हें सांगणारीं माणसें अजून आहेत. वीस वर्षांनीं नसतील.

लष्करी दप्तरांतून मिळालेल्या नोंदीला गांवच्या दप्तराची जोड द्यावी लागते. तलाठ्याकडचें फेरफाराचें दप्तर म्हणजे गांव नमुना सहा, आणि जन्ममृत्यूची नोंदवही म्हणजे नमुना चौदा, जिला लोक कोतवाल बुक म्हणतात. २०२३ सालीं कुणबी नोंदींच्या शोधांत हीं दप्तरें गांवोगांव उघडलीं गेलीं, त्यामुळें तीं आतां बऱ्याच लोकांस माहीत झालीं आहेत. शाळेचें जनरल रजिस्टरहि पाहावें. जुन्या नोंदी बहुधा मोडींत असतात. मोडी शिकणें कठीण नाहीं, मीं तें साठीनंतर केलें. आमच्या फेरफारांत जून १९१६ ची नोंद आहे: अमुक हा बसऱ्याकडे लढाईंत मयत, सबब नांव कमी. आतां पाहा, टेसिफोनची लढाई नोव्हेंबरांतली आणि नोंद जूनमधली. गांवच्या वहींत मृत्यूचा दिवस लिहिला गेला नाहीं. बातमी येऊन पोंचली तो काळ लिहिला गेला. मधले सात महिने आमच्या घरांत ते जिवंत होते.

दुसऱ्या महायुद्धांत हीं नांवें अधिक नीट लिहिलीं गेलीं. तरी स्मरणांतला भेद तेथेंहि आहे. १० जुलै १९४४ रोजीं इटलींत तैबर नदीच्या खोऱ्यांत नाईक यशवंत घाडगे ह्यांनीं एकट्यानें शत्रूच्या मशीनगनवर चाल केली आणि तेथेंच प्राण दिला. माणगांव तालुक्यांतल्या ह्या वीरास मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला; त्यांचें नांव कसीनोच्या स्मारकावर आहे, कारण त्यांचेंहि थडगें नाहीं. ते एकटे कां उरले? त्यांच्या टोळींतले बाकीचे सारे त्याच मशीनगनच्या माऱ्यांत मेले किंवा जखमी झाले म्हणून. घाडग्यांचें गांव आपल्याला माहीत आहे. त्या बाकीच्यांचीं गांवें कोणीं विचारलीं? ज्या वहींत घाडग्यांचें नांव आहे, त्याच वहींत त्यांच्यापैकीं मेलेल्यांचींहि नांवें आहेत, पाहणारा पाहिजे.

कांहीं पलटणींच्या पाठीशीं तर आज कोणी वारसहि नाहीं. १११ महार ही पलटण १९१७ सालीं उभी झाली आणि १९२१ सालीं मोडून टाकण्यांत आली. आजची महार रेजिमेंट १९४१ सालीं नव्यानें उभारलेली. त्या जुन्या पलटणींतल्या शिपायाच्या नातवाला बेळगांवसारखें एखादें ठाणें गांठून चौकशी करणें सोपें नाहीं. त्याच्यापाशीं घरांतला कागद हाच आधार. इंदापूर तालुक्यांतल्या एका घरीं असा कागद मीं पाहिला. म्हाताऱ्यानें तो पत्र्याच्या नळकांड्यांत घालून आढ्याला बांधून ठेविला होता. त्या घरांतल्या तिसऱ्या पिढीनें नवें घर बांधतांना आधीं तें नळकांडें उतरविलें आणि मग आढें पाडलें. सगळींकडे असें घडत नाहीं. जुनीं घरें पाडलीं जात आहेत, पेट्या भंगारांत जात आहेत, आणि चांदीच्या पदकाची किंमत सोनार वजनावर करतो.

पंजाबांत पहिल्या महायुद्धानंतर गांववार नोंदवह्या केल्या होत्या. त्या लाहोरच्या वस्तुसंग्रहालयांत जवळजवळ शंभर वर्षें पडून होत्या; सुमारे २६ हजार पानें आणि ३ लाख २० हजार माणसें. २०२१ पासून त्या लोकांस पाहावयास मिळूं लागल्या, आणि परदेशीं गेलेल्या कुटुंबांना आपल्या पणजोबांचीं नांवें सांपडलीं. आपल्या दोन तालुक्यांची अशी वही आपणच करायची आहे. तिला मोठा खर्च नाहीं. एकेका गांवच्या शाळेनें एक वही घालावी. कोण गेला, कोणत्या पलटणींत, नंबर काय, परत आला कीं नाहीं, आणि हें कशावरून कळलें: पदकावरून, डिस्चार्ज बुकावरून, पेन्शनच्या कागदावरून, कीं नुसत्या सांगण्यावरून. शेवटचा रकाना विसरूं नये. ऐकीव आणि लेखी ह्यांची भेळ झाली कीं वही निरुपयोगी होते. आपण शहरांत राहत असाल तर पुढल्या खेपेस गांवीं जाल तेव्हां देव्हारा, ट्रंक आणि आढें एवढें पाहून या.

आतां आमच्या आजींच्या प्रश्नाचें उत्तर पुरें करतों. तारीख मिळाल्यावर मीं शके १८३७ चें पंचांग लावून पाहिलें. २२ नोव्हेंबर १९१५ ह्या दिवशीं कार्तिक वद्य प्रतिपदा होती. म्हणजे आदल्या दिवशीं त्रिपुरी पौर्णिमा. त्या रात्रीं आमच्या गांवच्या देवळांत बायकांनीं त्रिपुरवाती लावल्या असतील. त्यांत आजीहि असतील. त्याच चांदण्यांत तिकडे पलटणींनीं रात्रीची कूच केली, आणि उजाडतां लढाईला तोंड लागलें.

कुठें गेले, तर टेसिफोनला. केव्हां गेले, तर कार्तिक वद्य प्रतिपदेस. हें सांगायला आजी नाहींत. त्यांनीं कुंकू पुसलें नाहीं हेंच बरें केलें असें मला अलीकडे वाटूं लागलें आहे. अर्ध्या उत्तरावर त्यांनीं सही केली, पण तें मानलें नाहीं. सर्वपित्रीचें तें जादा पान आम्हीं आतां बंद केलें आहे. आजोबांचें श्राद्ध कार्तिक वद्य प्रतिपदेस होतें, आणि पदक अजून देव्हाऱ्यांतच आहे. हळदकुंकू मात्र आतां आम्ही विजयदेवीच्या पायांशीं वाहतों; कडेला लावीत नाहीं.